सनावळ्या कशाला पाठ करून घेता? तुम्ही विचारलंत म्हणून

मी हायस्कूलला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, पालक विचारतात, नातेवाईक विचारतात, परवा तर एका माजी विद्यार्थ्यानेच विचारलं, की बाई आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग सनावळ्या कशाला? नुसतं पाठांतर मलाही नकोय. पण सन मला हवेच असतात, आणि का ते माझ्या एका आवडत्या तासावरूनच सांगते.

नववीच्या वर्गात फळ्यावर फक्त चार ओळी लिहिते. बायकांना मताचा हक्क: न्यूझीलंड १८९३, ब्रिटन १९१८, फ्रान्स १९४४, स्वित्झर्लंड १९७१. लिहायचं आणि गप्प उभं राहायचं. मिनिटभराने कोणीतरी म्हणतंच की बाई, आकडे उलटे पडलेत, १९१७ असेल ना ते. नाही रे, १९७१च. म्हणजे आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बायका मत देऊन आल्या, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. मग वर्ग जागा होतो. असं कसं झालं, एवढा पुढारलेला देश ना?

इथे इतिहास संपतो आणि नागरिकशास्त्र सुरू होतं, खरं तर दोन्ही वेगळे विषय आहेत असं मला कधी वाटलंच नाही. तिथे राज्यघटना बदलायची तर सार्वमत लागतं, आणि त्या सार्वमतात मत कोणाला, तर फक्त पुरुषांना. १९५९ मध्ये विचारलं तेव्हा दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं.

हे नुसतं सांगून पोचत नाही म्हणून मी चिठ्ठ्या वाटते. अर्ध्याच वर्गाला. प्रश्न असा, की कोणी कुठे बसायचं हे यापुढे उरलेल्या अर्ध्या वर्गानेही ठरवायचं का? एका वर्षी १४ विरुद्ध ९ ने 'नाही' आलं, आणि चिठ्ठी न मिळालेली मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, ताडकन उठून म्हणाली, "पण आम्हाला विचारलंच कुठे?" तिचं वाक्य मी फळ्यावर १९५९ च्या शेजारी तसंच्या तसं लिहिलं.

आणि मोबाईलचं म्हणाल तर ब्रिटन १९१८ हे उत्तर तो देईलच, पण तेव्हा हक्क मिळाला तो तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या बायकांना, पुरुषांच्या बरोबरीने मिळाला १९२८ मध्ये. 'कोणत्या बायकांना?' हे विचारायचं सुचलं तरच ही दहा वर्षं दिसतात. आपलंही तसंच, पहिल्या निवडणुकीआधी सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गेली कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. घटनेने हक्क दिला होता, यादीत नाव नव्हतं. हे सांगते तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी मी हा विषय शिकवते, मनापासून सांगते.

मार्कांचं विचाराल तर हे सगळं परीक्षेत येत नाही, आणि एवढ्यात पोर्शन मागे पडतो हेही खरं. तरी हा तास मी सोडत नाही.

त्या मुलीने बेल झाल्यावर थांबून विचारलं, "बाई, १९५९ ला हो म्हणणारेही होतेच ना, ते कोण होते?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी नकाशा काढला. जिनिव्हा, वॉ आणि न्यूशातेल, तिन्ही फ्रेंच बोलणारे प्रांत, बहुमताने हो म्हणणारे तेवढेच. तिने पेन्सिलने ते तिन्ही रंगवले आणि मग म्हणाली, "आता बाकीच्यांनी का नाही म्हटलं ते बघूया."