हे पुस्तक वर्गात कोणी वाचावं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हटलं, कारण शाळेबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती कितीतरी वर्षं मनात आहे. मी १९८७ ची दहावीची बॅच. स्नेहसंमेलन, खो-खोच्या मॅचेस, सहली याबद्दल बाकीचे लिहितीलच, मला लिहायचंय ते आमच्या वर्गात कादंबऱ्या कशा फिरायच्या त्याबद्दल. आमच्यातलं कोणी पुढे लेखक झालं नाही, प्राध्यापक किंवा समीक्षक पण नाही. कोणी ऊस करतं, कोणी टेम्पो चालवतं, मी बँकेत आहे. पण आज पन्नाशी ओलांडल्यावरही आमच्यातले दोघं कुठे भेटले, अगदी लग्नाच्या पंगतीत का असेना, तर पोराबाळांची चौकशी झाली की पुढचा प्रश्न हाच असतो, सध्या काय वाचतोयस.

आमच्या वेळी लायब्ररी म्हणजे स्टाफरूमला लागून असलेल्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. चावी शिपाईमामांच्या कंबरेला. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, त्यामुळे बाहेरून सगळी सारखीच दिसायची, पाठीवर शाईने नंबर, आत शाळेचा जांभळा शिक्का, आणि शेवटच्या पानावर डकवलेला एक कागद ज्यावर पुस्तक नेणाऱ्याचं नाव, वर्ग आणि तारीख. आम्ही पुस्तक हातात आलं की आधी तो कागद वाचायचो. एकच नाव दोनदा आलेलं असलं की पुस्तक चांगलं असणार यात शंकाच नाही. मग मधल्या सुट्टीत त्या ताईला नाहीतर दादाला गाठायचं आणि विचारायचं, कसं आहे हो, सुरुवातीला कंटाळा येतो का. वरच्या वर्गातली मुलं एरवी आमच्याशी बोलायची पण नाहीत, पण पुस्तकाचं विचारलं की थांबून सांगायची, हे मला तेव्हाही फार भारी वाटायचं.

आठवीला मराठीला नवीन बाई आल्या आणि त्यांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवटचा तास यासाठीच ठेवला. एकाने उभं राहून आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. नियम दोनच, शेवट सांगायचा नाही, आणि बोलून झालं की सांगायचं की हे पुस्तक आपल्या वर्गात कोणी वाचावं आणि का. आता हे ऐकायला साधं वाटतं पण करून बघा. पुस्तक छान आहे, भाषा ओघवती आहे असलं काहीतरी बोलून सुटता येत नाही ना. तुम्हाला पुस्तक पण माहीत पाहिजे आणि पुढे बसलेला माणूस पण माहीत पाहिजे.

पहिल्याच शनिवारी एका मुलाने फास्टर फेणेचं पुस्तक आणलं होतं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याला विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा आणि तोंडाने ट्टॉक करणारा. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला हे पुस्तक सायकलवरून येणाऱ्या मुलीने वाचावं. वर्गात सायकलवरून येणारी मुलगी मी एकटीच होते, पलीकडच्या गावातून यायचे. तोपर्यंत तो मुलगा माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. माझं सायकलवरून येणं कोणाच्या लक्षात आहे आणि त्यावरून कोणीतरी माझ्यासाठी पुस्तक निवडलंय, याचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो. पुस्तक मी दोन दिवसात संपवलं आणि तिथून सुरूच झालं.

सगळ्यात गाजला तो 'फकिरा'चा शनिवार. अण्णा भाऊ साठे म्हणजे आमच्याच वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे. शाळेत दीड दिवस गेलेला माणूस अशी त्यांची ओळख आम्हाला घरीच कळलेली, पण कादंबरी कोणी वाचलेली नव्हती. वाटेगावकडून येणाऱ्या एका मुलाने ती वाचून आणली. तिची सुरुवातच जोगणीपासून आहे, वाटेगावचा राणोजी शिगावच्या जत्रेतून जोगणी आणतो, म्हणजे जत्रेचा मानच आपल्या गावाला आणतो, आणि त्यात त्याचा जीव जातो. हा मुलगा हे असं सांगत होता की जणू काल घडलंय, आणि वर्गात शिगावचा पण एक मुलगा बसलेला! तो उठलाच, आमच्या गावाला असं कसं लिवलंय म्हणून. मग जे काय सुरू झालं ते शाळा सुटून सायकल स्टँडपर्यंत चाललं. बाईंनी कोणालाच गप्प केलं नाही, फक्त सोमवारी पुस्तक शिगावच्या मुलाच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं आणि पुढच्या शनिवारी उभं राहून म्हणाला की राणोजी मला पण आवडला, पण पुढे दुष्काळात फकिरा सगळ्यांसाठी धान्य आणतो तो भाग जास्त आवडला, त्याबद्दल तुम्ही कोणी बोललाच नाही. खरंच बोललो नव्हतो. १९५९ चं पुस्तक, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेलं, त्या अर्पणपत्रिकेकडे पण त्यानेच आमचं लक्ष वेधलं. पुस्तकात आपल्या नदीचं, आपल्या शेजारच्या गावाचं नाव छापलेलं बघणं काय असतं ते पुण्यामुंबईच्या मुलांना कदाचित कळणार नाही, त्यांना ते नेहमीचंच असतं.

नववीत 'मृत्युंजय'ची लाट आली. एवढं जाडजूड पुस्तक, पण आठवडा आठवडा नंबर लागलेले असायचे. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा जणं आपापल्या तोंडून कथा सांगतात, तर मुलांनी कर्णाचा भाग पाठच केला होता आणि आम्ही मुली वृषालीवरून भांडायचो. शोणवर मात्र कोणी बोलायचं नाही. एकदा एक अगदी शांत मुलगा, मोठ्या भावाच्या मागे मागे शाळेत येणारा, तो उठून म्हणाला माझ्या मते यात सगळ्यात चांगला माणूस शोण आहे. एवढंच बोलून बसला. मी नंतर घरी जाऊन शोणचा भाग पुन्हा वाचला आणि त्याचं खरं होतं असं माझं आजही मत आहे.

बाई कधीकधी मधेच लेखकाबद्दल सांगायच्या, पण परीक्षेत येईल असं काही नाही. शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि कोल्हापुरात हायस्कूलला शिक्षक होते, खांडेकर सांगलीत जन्मले पण शिरोड्याच्या शाळेत शिकवायचे, साने गुरुजी अमळनेरला शिकवायचे आणि 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली. हे ऐकून आम्ही आमच्या सगळ्या शिक्षकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, की यांच्यातलं कोण गुपचूप लिहीत असेल.

खांडेकरांच्या 'ययाति'वरून मात्र माझं आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं कधीच जमलं नाही. तिला शर्मिष्ठा आवडायची, मला देवयानी. सगळे देवयानीला गर्विष्ठ म्हणतात पण तिची फसवणूक झाली त्याचं काय, असा माझा मुद्दा. ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तक आहे, भाषा अलंकारिक आहे, मला ती थोडी जड जायची, तरी त्या तीन माणसांच्या भांडणासाठी मी ते पुन्हा पुन्हा घ्यायचे. ती मैत्रीण आता नाशिकला असते आणि फोनवर आमचं हे अजून चालू आहे.

माझं स्वतःचं पुस्तक विचाराल तर 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची, जेमतेम दीडशे पानांच्या आसपासची कादंबरी. ती मला आमच्या पीटीच्या सरांनी दिली, सर माणदेशातले होते, आटपाडीकडचे, आणि त्यांना मराठीच्या बाईंचा तास बाहेर ग्राउंडवर ऐकू जायचा. औंध संस्थानातला कोवळ्या वयाचा मास्तर, राजाराम, मेंढक्यांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पोरं येत नाहीत, मग तो गावचा कारभारी, त्याच्याशी होणारं जुळणं, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम, आणि मग पाऊसच येत नाही आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जायला लागतात. कुठेही मोठा आवाज न करता लिहिलंय. मला वाटतं मराठीत एवढं कमी बोलून एवढं सांगणारं दुसरं पुस्तक मी तरी वाचलेलं नाही. सर मला एवढंच म्हणाले होते, तुला गाव सोडून नोकरीला जायचंय ना, मग हे वाच. आणि खरंच, बँकेत पहिलं पोस्टिंग मिळालं, अनोळखी गाव, अनोळखी माणसं, पहिल्या आठवड्यात कोणी नीट बोलेना, तेव्हा माझ्या बॅगेत तेच पुस्तक होतं.

पुढे बदली अमरावतीला झाली. तिथल्या ब्रँचमधल्या एका सहकारी ताईंना मी बाईंचा प्रश्न विचारला, म्हटलं मी सांगलीकडची आहे, मला तुमच्याकडचं काहीच माहीत नाही, मी काय वाचू. त्यांनी दुसऱ्या दिवशी उद्धव शेळक्यांची 'धग' आणून दिली. कौतिकची गोष्ट, वऱ्हाडी बोलीतली. सुरुवातीची पानं मला त्यांना विचारत विचारत वाचावी लागली आणि डबा खाताना आमचं हेच चालायचं, त्या वाचून दाखवायच्या, मी ऐकायचे. कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत मला दुसरी भेटली नाही.

असं सगळ्यांनी सगळं वाचलंच पाहिजे या मताची मी नाही. 'कोसला'चंच घ्या. १९६३ पासून लोक ती डोक्यावर घेतायत, नेमाड्यांना पुढे ज्ञानपीठ पण मिळालं, आणि तरी मला ती शाळेत असताना अजिबात शिरली नव्हती. गाव सोडून पुण्याच्या हॉस्टेलवर राहिलेल्या माझ्या भावाला मात्र त्यातला पांडुरंग सांगवीकर म्हणजे स्वतःच वाटायचा. पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते ती पानं तो मोठ्याने वाचू शकायचा नाही, मला बहीण आहे म्हणायचा. पुस्तक तेच, पण ते त्याच्यासाठी होतं.

आता जे सांगायचंय ते आमच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल. त्याचं गाव धरणात गेलं होतं आणि त्याचं घर वसाहतीत आलं होतं. तो शनिवारी कधी बोलायला उठला नाही, बाई पण त्याला आग्रह करायच्या नाहीत. दहावी झाली, सगळे पांगलो. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' आली १९९१ ला, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं. आमच्यातला एकजण तेव्हा मुंबईला होता, त्याने ती वाचली आणि विकत घेऊन पोस्टाने त्या मुलाला पाठवली, आत चिठ्ठी, की वर्गात हे कोणी वाचावं असं बाईंनी विचारलं असतं तर मी तुझं नाव घेतलं असतं. कितीतरी महिने काही उत्तर नाही. मग एक जाड पाकीट आलं. त्यात त्याने त्यांच्या गावाबद्दल लिहिलं होतं, देवळाबद्दल, घरासमोरच्या जांभळाबद्दल, म्हातारी माणसं नव्या जागेत कशी राहिली त्याबद्दल, जमिनीसाठी वडिलांनी किती चकरा मारल्या त्याबद्दल. तीन वर्षं एका वर्गात बसून आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. ते पत्र त्याच्या परवानगीने आम्ही सगळ्यांनी वाचलं. आज तो वसाहतीत स्वतः वाचनालय चालवतो आणि बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी तीच कादंबरी देतो.

वाचायची पद्धत बदलली आहे हे खरंय. टेम्पो चालवणारा आमचा मित्र आता ऑडिओबुकं ऐकतो, मार्केट यार्डला माल टाकून येईपर्यंत 'पानिपत'चे दोन चार तास होतात म्हणतो, आणि हे खरं वाचन नाही असं कोणी म्हणालं की मला राग येतो. त्याने सदाशिवरावभाऊंबद्दल जे मला फोनवर सांगितलं ते पुस्तक हातात धरून वाचणाऱ्या कितीतरी लोकांना सांगता येणार नाही. माझ्या मुलीला मी मिलिंद बोकिलांची 'शाळा' दिली, आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं, ती तिने तिच्या मैत्रिणीला दिली, त्या मैत्रिणीने तिच्या आईला, आणि ती आई मला सोसायटीच्या जिन्यात भेटून म्हणाली की अहो आमच्या वेळचं अगदी अस्संच होतं.

हीरक महोत्सवानिमित्त आमची बॅच शाळेला नवीन कपाट आणि पुस्तकं देणार आहे. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक द्यायचं आणि शेवटच्या पानावर, कागद डकवायच्या जागी, हे पुस्तक कोणी वाचावं ते लिहायचं असं ठरलंय. पैसे देऊन संचाने पुस्तकं घ्यावीत, स्वस्त पडतात, असंही एक मत आलं, मी त्याच्या विरोधात बोलले आणि ते मागे पडलं.

एका गोष्टीवर मात्र अजून एकमत नाही आणि म्हणून ते इथेच लिहिते. शिपाईमामा कपाटाच्या वरच्या फळीवर, रजिस्टरांच्या मागे, स्वतःच्या रहस्यकथा ठेवायचे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईक, आणि सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, दारा बुलंद. लायब्ररीतलं पुस्तक वेळेवर आणि कव्हर न फाडता परत केलं की मामा त्यातलं एक हळूच काढून द्यायचे, सोमवारी आण म्हणायचे. ज्या मुलांना धडा वाचायला उभं केलं की घाम फुटायचा ती मुलं या पुस्तकांवर वाचायला शिकली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यातलाच एकजण पुढे शिरवळकरांची म्हणून 'दुनियादारी'कडे गेला आणि तिथून कुठच्या कुठे गेला. तर रहस्यकथा शाळेच्या कपाटात शोभत नाहीत असं काहींचं म्हणणं आहे. माझं म्हणणं की एक अख्खा कप्पा त्यांना द्यावा, त्या कप्प्याला मामांचं नाव द्यावं, आणि जुने अर्नाळकर ज्यांच्या कोणाच्या माळ्यावर असतील त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी घेऊन यावेत, बाइंडिंगचा खर्च मी करते.