सहा किलोमीटर, सात मिनिटं बारा सेकंद

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2024 च्या जुलैत कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. तेव्हापासून अवजड गाड्यांच्या चालकांचं प्रशिक्षण कुठेही असो, पहिला तास चलनातच जातो. त्या वर्षाच्या अखेरीस कळंबोलीतल्या एका मालवाहतूकदाराच्या यार्डात असंच झालं. मालकांनी मला बोलावलं होतं ते एका चलनासाठी. चालक म्हणत होता, "साहेब, कॅमेऱ्याखाली मी 38 वर होतो. जीपीएस बघा." मालकांना ते चलन रद्द करून घ्यायचं होतं, नाहीतर चालकाच्या पगारातून कापायचं होतं.

जीपीएस खरंच 38 दाखवत होतं. पण चलन सरासरी वेगाचं होतं. रस्त्यावर कॅमेरे लावलेल्या एका कमानीवर नंबरप्लेट वाचली जाते, पुढच्या कमानीवर पुन्हा वाचली जाते, आणि मधलं अंतर भागिले लागलेला वेळ एवढाच हिशोब असतो. या गाडीनं सहा किलोमीटरचा उतार सात मिनिटं बारा सेकंदांत कापला होता. म्हणजे ताशी 50. घाट उतरताना अवजड गाडीला तेव्हा 40 ची मर्यादा होती. 40 नं तेवढ्याच अंतराला नऊ मिनिटं लागतात. सगळा वाद एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा. कमान दिसली की ब्रेक दाबायचा आणि पुढे सोडायची, ही जुनी सवय इथे निरुपयोगी आहे. उलट तिच्यामुळे ब्रेक जास्त तापतात.

यार्डात जमलेल्या बाकीच्या चालकांचं म्हणणं ठरलेलं होतं. घाटात 40 नं गाडी चालतच नाही. मागून बस येऊन अंगावर चढते. खेपेला उशीर झाला तर पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, भाडं कापते. यातलं दुसरं आणि तिसरं खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिलं मात्र तपासून बघण्यासारखं होतं. भरलेली गाडी 40 वर धरता येत नसेल, तर ती का धरता येत नाही?

आधी आकडे पाहू. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उंचीतला फरक सुमारे साडेपाचशे मीटर आहे. गाडी मालासह 35 टन धरा आणि हिशोबाला 500 मीटरच घ्या. तेवढी उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती हीच गाडी ताशी 40 वरून सुमारे 80 वेळा थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेइतकी असते. टायर आणि हवा त्यातला थोडा भाग खातात. उरलेलं एकतर इंजिनानं पेलायचं, नाहीतर ब्रेकच्या ड्रमनं. ड्रमवर टाकलं तर त्यावर घासणारं लायनिंग तापून गुळगुळीत होतं, पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही, आणि सारखे ब्रेक मारल्यानं ज्या हवेवर ब्रेक चालतात ती टाकीतली हवाही उतरते. घाटातल्या अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाला’ असं छापून येतं, त्यातल्या पुष्कळ गाड्यांचे ब्रेक तुटलेले नसतात, तापून निकामी झालेले असतात. शिवाय 60 वर असलेल्या गाडीत 40 च्या सव्वादोनपट ऊर्जा असते. म्हणून अवजड गाडीला उतारावर दिलेली ही मर्यादा मला योग्य वाटते. चालकांसमोरही मी हे स्पष्ट बोलतो, त्यांना पटो वा न पटो.

जीपीएसची नोंद उघडून पाहिली तर वेगाची रेघ करवतीसारखी होती: 56, 39, 58, 41, पुन्हा 57. गाडी खालच्या गियरमध्ये असती तर रेघ जवळपास सरळ दिसायला हवी होती. चालकाला विचारलं, "भाऊ, कितव्यात उतरवता?" तो म्हणाला, "चौथ्यात. तिसऱ्यात टाकली तरी गाडी पळतेच." तिसऱ्यातही इंजिन गाडी धरत नसेल तर कुठेतरी बिघाड असणार, म्हणून गाडी पिटावर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घ्यायला सांगितली.

इंजिन चालू ठेवलं, हवा पूर्ण भरू दिली, गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावली आणि एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या ब्रेकचं, बटण दाबायला सांगितलं. सायलेन्सरच्या पाइपवरच्या छोट्या सिलिंडरची दांडी बाहेर यायला हवी, आत पडदा फिरून धूर अडायला हवा आणि इंजिनाचा आवाज दबायला हवा. दांडी हलली नाही. वर हात घातला तर हवेची बारीक नळी दुमडून तारेनं बांधलेली सापडली. कधीतरी ती गळत असणार आणि कुणीतरी गळती थांबवण्यासाठी हा उपाय केला. डॅशबोर्डवरचा दिवा लागत होता, त्यामुळे चालकाला वाटायचं की ब्रेक चालू आहे. मागच्या चाकांचे ड्रम काढले तर आतल्या भागावर जास्त तापल्याच्या खुणा, म्हणजे निळसर डाग आणि बारीक चिरा, दिसल्या. नळी बदलायचा खर्च चलनाच्या रकमेच्या जवळपासही जात नाही.

नळी बदलून त्याच गाडीनं घाट उतरायची रीत चालकाला समजावली. उतार सुरू होण्याआधीच, सपाटीवर, गियर कमी करायचा. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गियर पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक कमी फेऱ्यांवर फारसं काम करत नाही, म्हणून इंजिनाचे फेरे डॅशबोर्डवरच्या फेऱ्यांच्या मीटरवर हिरव्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला, पण लाल रेषेच्या आत ठेवायचे. तरीही वेग चढलाच तर पायाचा ब्रेक घट्ट दाबून वेग 35 पर्यंत आणायचा आणि ब्रेक पूर्ण सोडायचा. पाय पेडलवर घासत ठेवायचा नाही. न्यूट्रल मारायचं तर नाहीच. त्यातून डिझेल वाचतं हा समज जुना आहे. आजच्या इंजिनात गाडी गियरमध्ये ठेवून उतरवताना डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

चलनाचं काय झालं? ते कायम राहिलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 167अ नुसार तेव्हा कॅमेऱ्याआधी सूचना फलक हवा होता आणि नोटीस गुन्ह्यापासून 15 दिवसांत निघायला हवी होती. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. नोटिशीवरचा फोटो, गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ हे मात्र आधी तपासावंच, कारण मळलेल्या किंवा वाकलेल्या प्लेटमुळे दुसऱ्याच्या गाडीचं चलन येऊ शकतं. तसं असेल तर पैसे भरण्याआधी फोटोसह तक्रार करावी.

चालकांची एक मागणी मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. 80 वर चालणाऱ्या भरलेल्या गाडीला थेट 40 चा फलक दाखवणं चुकीचं होतं. मध्ये 60 चा टप्पा हवा होता, आणि पावसात किंवा पुढच्या ट्रकच्या आडून दिसेल इतका मोठा फलक हवा. अनेक ठिकाणी चलन मालकाच्या नावावर येतं आणि चालकाला महिनाअखेरीस पगार कापल्यावरच कळतं. तोवर त्याच्या त्याच घाटातून कितीतरी खेपा झालेल्या असतात. चलन आल्याच्या दिवशी चालकाला दाखवलं, जीपीएसची रेघ त्याच्यासमोर उघडली, तर तो शिकतो.

मालकांनी दंड कंपनीच्या खात्यातून भरला. नळी कुणी बांधली ते सापडलं नाही. पण खेपेआधीच्या तपासणीच्या कागदावर हवा, टायर आणि दिव्यांच्या खाली आता आणखी एक ओळ आहे: एक्झॉस्ट ब्रेकची दांडी हलताना डोळ्यांनी पाहिली का?