आमची वाटचाल: गाडीच्या फोमपासून सलाईनच्या पट्टीपर्यंत

नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या गाळ्यात आधी फोम आणि फेल्ट कापलं जायचं. गाडीच्या दरवाजात, डॅशबोर्डखाली खडखड होऊ नये म्हणून चिकटवतात ते पातळ तुकडे. 2019 मध्ये गाड्यांची विक्री घसरली, जॉबवर्क आटलं आणि डाय-कटिंगची, म्हणजे धारदार साच्याने (डायने) कापायची मशिनं उभी राहिली. पण गोंदाचा रोल हव्या त्या आकारात कापायचा आणि खालच्या कागदाला मात्र धक्का लागू द्यायचा नाही, या 'किस-कट'मध्ये पोरांचा हात बसलेला होता. सलाईनची सुई हातावर धरून ठेवणारी पट्टीही अशीच कापतात, हे गोळे कॉलनीतल्या एका घाऊक औषध व्यापाऱ्याने आम्हाला सुचवलं.

पहिले नमुने घेऊन मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात गेलो. पट्टी किती घट्ट बसते, हे आम्ही कौतुकाने दाखवत होतो. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, चिकटवायला आमच्याकडे पट्ट्या पुष्कळ आहेत. आजीआजोबांची पट्टी काढताना कातडी सोबत येते, त्याचं काहीतरी करा."

फोमचा तुकडा गाडी भंगारात जाईपर्यंत निघाला नाही तर उत्तम. इथे उलटा हिशोब. अ‍ॅक्रिलिक गोंद अंगाच्या उबेने हळूहळू पसरतो, कातडीच्या बारीक खाचांत शिरतो आणि तासागणिक जास्त घट्ट होतो. उतारवयात कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांची पकड सैल झालेली असते; अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पक्की झालेलीच नसते. मग पट्टी ओढली की गोंद सुटण्याआधी कातडीच सुटते. सिलिकॉन जेलचा गोंद पहिल्या मिनिटाला जेवढा धरतो, साधारण तेवढाच पुढेही धरतो आणि निघताना पेशी कमी उपटतो. तो महाग आहे, आणि गोंदाखालच्या नेहमीच्या सिलिकॉन लावलेल्या कागदालाच, म्हणजे लायनरलाच, चिकटून बसतो, म्हणून त्याला वेगळा लायनर लागतो. आमचं मत विचाराल तर सरसकट सिलिकॉन विकणं म्हणजे पेशंटच्या बिलावर भार. धडधाकट तरुणाला एक दिवस सलाईन असेल तर स्पनलेस नॉन-वोव्हनवरचा, म्हणजे न विणलेल्या मऊ कापडावरचा अ‍ॅक्रिलिक पुरतो.

आकाराचं काम आमच्या आवडीचं. चौकोनी पट्टीचे कोपरे चादरीला घासून उचकटतात, म्हणून कोपरे गोल. कॅन्युलाच्या (शिरेत बसवायच्या बारीक नळीच्या) मागच्या जाड भागाखाली जायला इंग्रजी 'यू'सारखी खाच. सुई शिरते तिथे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्मची खिडकी, म्हणजे लाली किंवा सूज पट्टी न काढता दिसते. आणि हातमोजे! ते गोंदाला चिकटतात आणि सिस्टर वैतागतात. म्हणून लायनर तीन तुकड्यांत कापला, त्यावर 1, 2, 3 छापलं आणि बोटांनी धरायला कडेला बिनगोंदाची पट्टी सोडली. या कडेसाठी डाय पुन्हा बनवावी लागली; सातपूरला डाय बनवणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत, हे नाशिकचं सुख. लावण्याची पद्धतही आम्ही हॉस्पिटलात जाऊन दाखवतो, कारण पट्टी ताणून लावली की ती आखडायला बघते आणि कडेला कातडीवर फोड येतात. गोंद चांगला असला तरी येतात.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. घाम पट्टीखाली कोंडला की कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते आणि पट्टीही सरकते. त्यामुळे रोल घेताना आम्ही जाडीच्याही आधी, वाफ किती बाहेर जाऊ देतो ते विचारतो.

पुढे जखमेच्या ड्रेसिंगकडे वळलो. जखम उघडी ठेवा, वाळू द्या, खपली धरू द्या, ही घरोघरची समजूत. जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की फिल्मने झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. डॉक्टरांना हे सांगायची गरज नसते. पेशंटच्या आईला मात्र सांगावं लागतं. वाहणाऱ्या जखमेला फोमचं ड्रेसिंग, कमी पाझरणाऱ्या जखमेला हायड्रोकोलॉइड (ओल शोषून जेलसारखं होणारं ड्रेसिंग), हा फरक आम्ही पाकिटावर मराठीतही छापतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, 2017 खाली अ आणि ब वर्गाच्या, म्हणजे कमी जोखमीच्या वस्तूंना 1 ऑक्टोबर 2022 पासून परवाना सक्तीचा झाला. फाइलींचं कपाट भरलं, गाळ्यात स्वच्छ खोली उभी राहिली. निर्जंतुकीकरण आम्ही बाहेरून ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसने करून घेतो. गॅस आत-बाहेर जायला पाकिटाची एक बाजू श्वास घेणाऱ्या मेडिकल कागदाची लागते, आणि नंतर उरलेला गॅस ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत माल थांबवावा लागतो. घाई करणाऱ्या खरेदी विभागांना हे पटवणं परवान्यापेक्षा अवघड गेलं. तेच विभाग पैसे द्यायची वेळ आली की कसे निवांत होतात, ते सोडा.

सध्या नवजात बाळांच्या नाकातली नळी धरणाऱ्या पट्टीवर काम चालू आहे. गालावर आधी हायड्रोकोलॉइडचा पातळ तुकडा बसतो आणि नळीची चिकटपट्टी त्या तुकड्यावर. नळी बदलली तरी गालावरचा तुकडा तसाच राहतो, कातडीला पुन्हा हात लावावा लागत नाही. आकार ठरलाय, लहान-मोठ्या गालांसाठी डाय दोन मापांत करायची की तीन, यावर गाळ्यात वाद चालू आहे.