हिरवं धुकं, चार फ्रेम

सूक्ष्मदर्शकाखालच्या पहिल्याच पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, पटापट तुटायला लागल्या. लांब लाल दोऱ्यांचे बघता बघता मणी झाले. तंतुकणिका विभागताना दिसावी म्हणून महिनाभर वाट पाहिली, तेच समोर घडतंय असं वाटून मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना अंधाऱ्या खोलीत बोलावून आणलं.

त्या दोन मिनिटं गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लेझर पडला नाही अशी शेजारची पेशी दाखव बरं."

स्टेज सरकवला. तिथे सगळे दोरे अखंड, लांबसडक. माझ्या पेशीतल्या तंतुकणिका विभागत नव्हत्याच, प्रकाशाने भाजून निघत होत्या. हे मला फार लागलं. पेशीला 37 अंशांवर जपायचं, कार्बन डायऑक्साइड मोजून द्यायचा, आणि मग चांगल्या चित्राच्या हव्यासापायी तिलाच जाळायचं!

दुपारी दुसरी डिश लावली. लेझर इतका खाली आणला की चित्र दाणेदार दिसू लागलं. दर पाच सेकंदांना एक फ्रेम. लाल रंग तंतुकणिकांना, हिरवा अॅक्टिनला, म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे तंतू बनवणाऱ्या प्रथिनाला. तंतुकणिका तुटण्याआधी तिथे अॅक्टिन जमतं का, ते पाहायचं होतं.

अॅक्टिन पेशीभर असतं, खरी पंचाईत तीच. त्याचा एक तंतू जेमतेम 7 नॅनोमीटर जाड, आणि साधा प्रकाश साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवत नाही. शिवाय पेशीच्या तळाशी अॅक्टिनचे जाड जुडगे असतात. त्यांच्या झगमगाटात तंतुकणिकेभोवतीचे मोजके तंतू हरवून जातात. म्हणून फोकस तळापासून थोडा वर धरावा लागतो.

दीड तास काही घडलं नाही. एकदा दोन तुकडे अलग झाले, पण फ्रेम मागे नेल्या तर त्या मुळातच एकमेकींवर आडव्या पडलेल्या दोन तंतुकणिका होत्या. हा चकवा नेहमीचा.

मग पेशीच्या कडेला एका लांब दोऱ्याच्या मधोमध हिरवं धुकं धरलं. ठिपका म्हणावा इतकंही ते ठसठशीत नव्हतं. दुसऱ्या फ्रेममध्ये किंचित दाट झालं, तिसऱ्यात त्याच जागी दोरा बारीक झाला, चौथ्यात धुकं विरलं. चिमटा मात्र तसाच राहिला. थोड्या वेळाने दोरा तिथेच तुटला आणि दोन्ही टोकं एकमेकांपासून मागे सरली.

मी श्वास धरून बसलो होतो. तंतुकणिका तोडणाऱ्या डीआरपी1 प्रथिनाचं कडं तिच्या मूळ जाडीच्या मानाने लहान असतं, त्यामुळे आधी कुणीतरी तिला आवळावं लागतं. आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, नळ्या तिला विळखा घालतात हे 2011 मध्ये दिसलं. जालिकेवरचं आयएनएफ2 प्रथिन तिथे अॅक्टिनचे तंतू विणतं आणि त्याने आवळायला मदत होते, हे 2013 मध्ये. हे सगळं मला पाठ होतं. पण आधी धुकं, मग चिमटा, मग तूट, हा क्रम जिवंत पेशीत आपल्या डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला.

मॅडमनी फिल्म तीनदा उलटसुलट फिरवली. "छान आहे. पण जालिकेला रंग कुठाय?"

नव्हताच दिला. जालिका तिथे होती की नाही, हे या फिल्मवरून सांगता येणार नव्हतं. आणि एका तुटीवर कुणी विश्वास ठेवावा तरी का! फाइल सेव्ह केली, शेजारच्या पेशीचंही एक चित्र घेतलं. तिचे दोरे अजून अखंड होते, आणि या वेळी माझ्या पेशीचेही, त्या एका जागेचा अपवाद सोडला तर. मग तीन रंगांच्या डिशसाठी नव्या पेशी लावायला घेतल्या.