मोत्या म्हणतोय

इंदिरानगरला भावाकडे गेले होते. दुपारच्या वेळी भाची सोफ्यावर पालथी पडून निबंध लिहीत होती, 'मी कुत्रा बोलतोय'. पहिल्याच परिच्छेदात मालक दुष्ट निघाला होता, दुसऱ्यात धो धो पाऊस. शाळेच्या निबंधात बोलणारं कुणीच सुखी नसतं. फाटकं पुस्तक रडतं, वडाचं झाड रडतं, गोदावरी तर दर सहामाहीला रडते.

आमचा मोत्याही बोलायचा, पण रडका नव्हता. त्याच्या वतीने बाबा बोलायचे. जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा होता. ताटात गिलकं पडलं की बाबा मान खाली घालून म्हणायचे, "मोत्या म्हणतोय, आज परत?" आई बाबांकडे न बघता मोत्यालाच सुनवायची, "त्याला म्हणावं, पिशवीत आलं तेच शिजलं." मोत्या बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोला दुभाषा लागतोच बहुतेक.

बाबांचा मोत्या मात्र बोबडं बोलत नसे. हल्ली लोक कुत्र्याच्या तोंडी 'माजी आई मला बिच्कीत देत नाई' असलं काहीतरी घालतात, ते मला अजिबात सोसत नाही. एवढे सुळे असलेला प्राणी बोबडा कशाला बोलेल? आमचा मोत्या पेन्शनीतल्या हेडक्लार्कसारखा बोलायचा. "सदर पातेल्याशी माझा संबंध नाही."

हे पातेलं श्रीखंडाचं. पाडव्याच्या सकाळी ते अर्धं झालेलं सापडलं आणि मोत्याच्या नाकाला केशर लागलेलं. तेव्हा बाबांनी थेट महाभारत काढलं. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं, म्हणजे देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं, राजाचे भाऊ त्याला बडवतात, ते आईकडे जाऊन सांगतं की मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. सरमा तडक यज्ञात जाते, माझ्या लेकराला का मारलंत म्हणून विचारते, कुणी उत्तर देत नाही, मग ती शाप देते. "तेव्हा," बाबा म्हणाले, "मोत्या म्हणतोय, मारायच्या आधी विचार करा." आईने लाटणं खाली ठेवलं. केशराचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

आत्याची वेगळीच तक्रार. तिचा लाल शालू पाहिला की मोत्या भुंकतो. कुत्र्याला लाल धड दिसत नाही, निळा नि पिवळा तेवढे कळतात. त्याला खटकत असणार त्या डांबराच्या गोळ्या. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या 10 कोटींच्या पुढे. त्यात वर्षभर ट्रंकेत मुरलेला शालू. आत्याला हे कुणी सांगितलं नाही. शालू महाग होता.

पण खरा किस्सा रंगपंचमीचा. काका रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारून आला. केसांपासून नखांपर्यंत एकच रंग, नुसते दात पांढरे. दारात उभा राहिला तर आजीने "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं. काकूनेही ओळखलं नाही, निदान तसं दाखवलं तरी. मोत्या उठला, हुंगलं, शेपटी हलवून परत जागेवर. रात्री बाबांनी मोत्याचा वृत्तान्त ऐकवला: "आज घरातली सगळी माणसं एका माणसाला घाबरली. तो काल होता तोच होता. तीच विडी, तेच तेल, आणि खिशातला चिवडा मला न देता आणलेला." काकाची विडी घरात पहिल्यांदा कळली ती अशी. आजी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

वाड्याची बोलणी चालली तेव्हा मी कॉलेजात होते. बिल्डरची माणसं यायची, आजोबा ओसरीवर बसून कागद वाचायचे. बाबा त्यांच्यासमोर कधीच तोंड उघडत नसत, तेव्हाही उघडलं नाही. एका संध्याकाळी मात्र मोत्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोत्या म्हणतोय, इथून जायला नको."

आजोबांनी चष्मा काढला. मोत्याकडेच बघून म्हणाले, "त्याला सांग, सह्या काल झाल्या."