मोजणीत ५२५ फायली जास्त

मे महिन्यात नौपाड्यात एका घरी फोटो हलवायचं काम केलं. काम नीट झालं, एकही फाईल गळली नाही. पण त्या दिवशी काकांना मी जो प्रश्न विचारला, तो चुकीच्या शब्दांत विचारला का, हे माझं अजून ठरत नाहीये.

मी ठाण्यात घरोघर जाऊन मॅकची, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरची, कामं करते, अकरा वर्षं झाली. बोलावणं बहुतेक वेळा एकाच वाक्याने येतं : ‘डिस्क भरली म्हणतोय.’ भरलेली असते ती फोटोंनीच. या वेळी फोन मुलीचा होता. ती डोंबिवलीला राहते, वडील इथे एकटे. आई जानेवारीत गेली. ‘बाबांचे सगळे फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर टाकून द्या, ड्राइव्ह आणून ठेवलाय,’ एवढंच म्हणाली.

अशा कामाला मी यूपीएस बरोबर नेते. आयमॅकला बॅटरी नसते. पाच तासांची कॉपी चालू असताना लाईट गेली तर सगळं अर्ध्यात तुटतं, आणि मे महिन्यात पावसाळ्याआधीची झाडछाटणी, केबलची कामं सुरू असतात. तो यूपीएस घेऊन तीन जिने चढले. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही.

मशीन २०१५चं, २७ इंची, १ टीबीचा फ्युजन ड्राइव्ह, मॉन्टेरे या जुन्या मॅक ओएसवर थांबलेलं. शिल्लक जागा ९ जीबी, फोटोज या मॅकच्या फोटोंच्या ॲपची लायब्ररी ६४० जीबी. सगळ्यात आधी आयक्लाउड, म्हणजे ॲपलची ऑनलाइन साठवण, बघितलं. बंद होतं. ते चालू असेल आणि ‘ऑप्टिमाइझ’वर खूण असेल, तर मॅकवर असतात त्या बऱ्याचशा लहान प्रती, मूळ फोटो सर्व्हरवर. ती लायब्ररी तशीच उचलून ड्राइव्हवर ठेवली की त्या दिवशी सगळं छान दिसतं. वर्षभराने कुणीतरी लग्नाचा फोटो मोठा करून छापायला काढतं, तेव्हा धुरकट येतो.

ड्राइव्ह २ टीबीचा, दुकानदाराने ‘कुठेही चालतो’ म्हणून दिलेला. म्हणजे एक्सफॅट, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालणारं फॉरमॅट. कुठेही चालतो हे खरं, पण फोटोजची लायब्ररी त्याच्यावर ठेवून वापरायची नसते. तिला मॅकचं स्वतःचं फॉरमॅट लागतं. शिवाय एक्सफॅटला जर्नल नाही. वायर मध्येच निसटली तर लिहिणं कुठपर्यंत आलं होतं याची नोंदच राहत नाही. हा ड्राइव्ह फिरत्या तबकडीचा होता, म्हणून मी एपीएफएस हे मॅकचं नवं फॉरमॅट न करता जुनं मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड केलं. तबकडीवर एपीएफएस हळूहळू रेंगाळायला लागतं. आणि डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ केल्याशिवाय मूळ डिस्क दिसत नाही, नुसतं पार्टिशन दिसतं. घाईतली माणसं तेवढंच फॉरमॅट करून पुढे जातात. काकांच्या टेबलावर एक जुना हब होता, त्यात ड्राइव्ह लावला तर वेग ४८० मेगाबिट. तोच थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावला की ५ गिगाबिट. एवढ्या एका गोष्टीने दिवसभराचं काम दुपारपर्यंत येतं.

लायब्ररी बाहेरून एक फाईल दिसते, पण ती पेटी आहे. आत ‘ओरिजिनल्स’ नावाचं फोल्डर, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा कप्पे, आणि प्रत्येकात लांबलचक अक्षर-आकड्यांच्या नावांचे फोटो. कुठला फोटो कुठल्या अल्बममधला, कुणाचा चेहरा, काय मथळा, हे सगळं शेजारच्या डेटाबेसमध्ये. त्याच पेटीत ‘डेरिव्हेटिव्ह्ज’ नावाचं आणखी एक फोल्डर असतं, त्यात झटपट दाखवायच्या लहान प्रती. मागच्या वर्षी कळव्यातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. आधीच्या माणसाने पेटी उघडून नेमकं ते डेरिव्हेटिव्ह्ज ओढून घेतलं होतं आणि मशीन फॉरमॅट करून दिलं होतं. मुलीच्या बारशापासून दहावीपर्यंतचे सगळे फोटो, हाताच्या पंजाएवढे. मी काहीही करू शकले नाही. हे काम दोन-तीनशे रुपयांत ‘कॉपी-पेस्ट’ म्हणून करणाऱ्यांचा मला राग आहे आणि तो राहणार.

म्हणून मी मोजते. हलवण्याआधी आणि हलवल्यावर, दोन्ही आकडे वहीत.

इथे मोजणी सोपी नव्हती. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि पक्ष्यांच्या मागे लागले. येऊर, आणि त्याहून जास्त ठाण्याची खाडी. थंडी पडली की तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरायला लागतात, ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतात. २०१५ साली खाडीचा तो भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. काकांचे फोटो त्याच्याही आधीपासूनचे. कॅमेऱ्यावर ते कायम रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल, आणि जेपेग दोन्ही ठेवायचे. फोटोज त्या जोडीला एकच फोटो मोजतं, पण पेटीत फायली दोन. आयफोनच्या लाइव्ह फोटोचंही तेच : एक स्थिर चित्र आणि एक छोटी व्हिडिओ फाईल.

तर फोटोज सांगत होतं, फोटो आणि व्हिडिओ मिळून ५९,३२०. रॉ-जेपेगच्या जोड्या १०,२३६. लाइव्ह फोटो ४,८७०. बेरीज ७४,४२६. पेटीतल्या फायली, बारीकसारीक जोडफायली (साइडकार) सोडून, भरल्या ७४,९५१.

५२५ जास्त.

पाच-दहाचा फरक असता तर शोधून बाजूला लिहिला असता. ५२५ म्हणजे काहीतरी अख्खं कुठेतरी बसलंय. ‘हिडन’ उघडलं, रिकामं. मग ‘रिसेंटली डिलिटेड’ उघडलं. ३१८ फोटो. त्यातले २०७ लाइव्ह, म्हणजे ४१४ फायली, अधिक १११. बरोबर ५२५. हिशेब जुळला याचं बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मी त्या लहान चौकोनांकडे नीट बघितलं.

सगळे काकूंचे. पलंगावर, खिडकीशी, नाकाला नळी, कुठे कुणीतरी वेणी घालून देतंय, कुठे पेल्यातून पाणी. नोव्हेंबर ते जानेवारी. प्रत्येक चौकोनाखाली लिहिलेलं : ३ दिवस. डिलीट केलेला फोटो तिथे ३० दिवस थांबतो, मग कायमचा जातो. लायब्ररी नव्या ड्राइव्हवर नेली तरी ते दिवस मोजले जातातच. मी काकांचा फोन बघितला. इम्पोर्ट करताना ‘नंतर डिलीट करा’ला खूण होती, त्यामुळे फोनवर काही नव्हतं. दुसरी प्रत कुठेच नाही.

गिऱ्हाइकाचे फोटो मी बघत नाही, हा माझा नियम आहे. तपासायला उघडावे लागतात तेवढेच, पहिला, शेवटचा आणि मधले दहा. पण बघितल्यावर न बघितल्यासारखं करून तीन दिवसांनी ते जाऊ देणं मला जमलं नसतं. आणि मालकाला न विचारता परत आणणंही माझ्या अधिकारात नाही. कुणीतरी विचार करून काढले असतील तर? मशीन काकांचं. विचारायचं ते काकांना.

काका मागे खुर्चीवर बसले होते. मुलगी स्वयंपाकघरात आंबे पिळत होती. मी म्हटलं, ‘काका, हे ३१८ फोटो डिलीट केलेल्यांत पडलेत. तीन दिवसांनी आपोआप जातील. ठेवायचे का?’

मुलगी तशीच रसाच्या हातांनी दारात आली. ‘बाबा, जागा होत नव्हती ना, म्हणून मी…’

सगळे मिळून दीडेक जीबी असतील. आणि त्या अल्बममध्ये असेपर्यंत जागा मोकळी होतच नाही. मला ते माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावरून वाटलं तिलाही माहीत आहे. मी गप्प बसले.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्क्रीनकडे बघितलं, मुलीकडे नाही.

‘राहू दे,’ म्हणाले. आणि उठून गॅलरीत गेले.

मी सगळे निवडले आणि ‘रिकव्हर’ दाबलं. आकडा ५९,६३८ झाला. तो वहीत लिहिला, फोटोज बंद केलं, मशीन झोपू नये म्हणून टर्मिनलमध्ये कॅफिनेट लावलं आणि कॉपी सुरू केली. पावणेबारा वाजले होते. आता पाच तास मला त्या घरातून हलता येणार नव्हतं.

जेवायला त्यांनी आग्रहाने बसवलं. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी. काका भराभर जेवून परत गॅलरीत गेले. भांडी आवरताना मुलगी हळूच म्हणाली, ‘रात्री दोन-अडीचला उठून बसायचे हो. शेजारच्या मावशींनी मला फोन केला. भिंतीतून आवाज जातो.’

‘कसला आवाज?’

‘आईचा.’

लाइव्ह फोटोत आवाज असतो. बटण दाबायच्या आधीचा दीड सेकंद आणि नंतरचा दीड. लोक विसरतात, कारण चित्र स्थिरच दिसतं. काका त्या फोटोंवर बाण नेऊन ठेवायचे आणि ते तीन सेकंद वाजवायचे. पुन्हा वाजवायचे. एका फोटोत त्या ‘अहो, पुरे’ म्हणतात. तो सगळ्यात जास्त. मुलगी महिनाभर ऐकून घेत होती, मग एका रविवारी ते देवळात गेले असताना तिने सगळे काढले. ‘त्यांना कळलं असणार. पण एका शब्दाने बोलले नाहीत. झोपायला लागले होते.’

मी काहीच म्हणाले नाही. मला म्हणायला हवं होतं की काय, तेही ठरत नाही.

पावणेपाचला कॉपी संपली. ऑप्शन दाबून धरून फोटोज उघडलं, ड्राइव्हवरची लायब्ररी निवडली, सेटिंगमध्ये तीच मुख्य केली. ५९,६३८. आतल्या फायली ७४,९५१. जुळलं. मग पहिला, शेवटचा आणि मधले दहा. दहांतल्या तीनांत रोहित, एका फोटोत रोहितांच्या रांगेच्या कडेला चिखलाच्या अलीकडे एक निळी छत्री. चेहऱ्यांच्या अल्बममध्ये काकांनी एकाच चेहऱ्याला नाव दिलं होतं : सौ. लाइव्ह फोटोही एक वाजवून बघावा लागतो, जोडी तुटली नाही ना म्हणून. परत आणलेल्यांतला मी घेतला नाही. जुना, अंगणातल्या मांजराचा घेतला, तोही आवाज बंद करून.

जुनी लायब्ररी मशीनवरून मी लगेच पुसत नाही. एका ड्राइव्हवर नेलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही; एकच प्रत म्हणजे ती पडेपर्यंतची प्रत. काकांना समजावलं, दुसरा ड्राइव्ह घ्या, त्यावर आणखी एक काढते, मगच मशीनवरची पुसू. त्यांनी मान डोलावली. ‘तू सांगशील तसं,’ म्हणाले.

मुलगी जिन्यापर्यंत पोचवायला आली. यूपीएसचा एक बाजूचा पट्टा तिने धरला होता. दुसऱ्या मजल्यावर थांबली.

‘ते “राहू दे” म्हणाले ना, ते नको म्हणाले हो. आमच्या घरात तसंच म्हणतात. आईला औषध द्यायला गेलं की तीही म्हणायची, राहू दे.’

चिडून नाही म्हणाली. सांगितलं फक्त.

घरी येईपर्यंत मी तो शब्द उलटून पालटून बघत होते. चहा ठेवू का? राहू दे : म्हणजे नको. ही जुनी पिशवी टाकून देऊ का? राहू दे : म्हणजे ठेव. मी विचारलं होतं, ‘ठेवायचे का?’ त्याला ‘राहू दे’ म्हणजे ठेव, की तू त्या भानगडीत पडू नकोस? मी ‘काढून टाकू का?’ असं विचारलं असतं तर उत्तर एकाच बाजूला पडलं असतं. फॉरमॅट करण्याआधी मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारते, दोन वेगळ्या शब्दांत, मुद्दाम. इथे एकदाच विचारलं. मुलगी दारात उभी होती, काका उठून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मला हवं ते उत्तर मिळालं होतं. ते फोटो जाऊ नयेत असं मलाच वाटत होतं.

त्या मुलीचंही मला चूक वाटत नाही. तिने वडिलांची झोप बघितली. पण तीस दिवसांनी ते फोटो कायमचे गेले असते, आणि पुढे कधी काकांनी मागितलं असतं तर कुणाहीकडे, माझ्याकडेही, ते ‘अहो, पुरे’ परत आणायची सोय नव्हती. ठेवलेलं नंतर काढता येतं. हे मी स्वतःला सांगते, आणि मग शेजारच्या भिंतीतून रात्री अडीचला जाणारा आवाज आठवतो.

काकांनी परवा फोन केला. दुसरा ड्राइव्ह आणलाय, कधी येतेस? पुढच्या आठवड्यात जाणार आहे. प्रत काढण्याआधी मोजावं लागेलच. मशीनवरच्या जुन्या लायब्ररीत ५९,६३८ आहेत. ड्राइव्हवरच्या लायब्ररीत आता किती आहेत, ते तिथे गेल्यावर कळेल. नवे रोहित आले असतील तर आकडा वाढलेला असेल, पण ते वेगळे काढता येतात. मुलगी घरी असताना जायचं की नसताना, ते अजून ठरवलेलं नाही.