बाळंतिणीच्या मनाकडेही बघा

माझ्या बाळंतपणात आईने काही म्हणता काही कमी केलं नाही. शेकशेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर. पण रात्री बाळ शांत झोपलेलं असतानाही माझी छाती धडधडायची. 'मला हे जमणार नाही' एवढंच डोक्यात घोळत राहायचं.

समुपदेशक ताईंनी आधी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेली, गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० साधे प्रश्न. मग माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्यावर, आधारलेली थेरपी सुरू झाली. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी ८ आठवड्यांची ही पद्धत बसवली. पुढे गरोदर आणि बाळंत बायकांसाठी तिच्यात बदल झाले.

मला सगळ्यात उपयोगी पडला ३ मिनिटांचा सराव. आत्ता मनात, अंगात काय चाललंय ते आधी ओळखायचं, मग लक्ष श्वासावर, मग सगळ्या शरीरावर. मी तो दूध पाजतानाच करायचे. बाळाच्या टाळूचा तेलकट वास, माझ्या बोटाभोवती त्याची गरम मूठ. विचार यायचाच, पण 'हा नुसता विचार आहे' असं म्हणता आलं की त्याचा जोर ओसरायचा.

पहिले दोन आठवडे रडू येणं बऱ्याच जणींना होतं. त्यापुढे लांबलं तर डॉक्टरांना गाठाच. गोळ्या लागत असतील तर त्यांच्या जागी श्वासाचा सराव चालत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, तासाभरात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी तो बाळंतिणीला नुसता सांगू नये, स्वतः लावून द्यावा.